पगार विचारणाऱ्या बाई

बाई कोणालाही पहिल्याच भेटीत पगार विचारायच्या. नाव, गाव, मुलंबाळं हे सगळं नंतर. कारखान्यात आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "डॉक्टर, इथल्या एका फेरीचे तुम्हाला किती देतात?" रक्तदाब डॉक्टरांचा वाढला असावा. एका कामगाराच्या मुलीच्या लग्नात त्या आहेराचं पाकीट घेऊन स्टेजवर चढल्या आणि नवरदेवाला तोच प्रश्न केला. व्हिडिओवाल्याचा दिवा डोळ्यांवर असल्यामुळे की काय, त्या बिचाऱ्याने मूळ पगार आणि महागाई भत्ता वेगवेगळा सांगितला.

आमच्या लोकांत पगार ही झाकून ठेवायची गोष्ट. बायकोला सांगायचा आकडा एक, भावाला सांगायचा दुसरा आणि मुलगी बघायला गेल्यावर सांगायचा तिसरा. बाईंना हे तिन्ही ठाऊक असत आणि हवा असे तो चौथा, खरा. "पगार कळला म्हणून माणूस कळत नाही," त्या म्हणायच्या, "पण त्याला हप्ता किती झेपेल ते कळतं. मला तेवढंच कळून घ्यायचंय. बाकीचं त्याच्या बायकोने बघावं."

साकीनाक्याला पंख्याचे रेग्युलेटर बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या टाइम ऑफिसमध्ये होत्या. दिवसभर हजेरीची कार्डं आणि पाळी सुटल्यावर कामगारांची पतपेढी. कँटीनच्या वरच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि लोखंडी कपाट, एवढी ती पतपेढी. दर महिन्याला प्रत्येकाच्या पगारातून थोडे पैसे जमा व्हायचे आणि अडल्यानडल्याला त्यातूनच कर्ज मिळायचं. दोन सभासद जामीन राहिले पाहिजेत, ही अट. बाई सेक्रेटरी होत्या. त्यांचं आडनाव रजिस्टरात असणार. तोंडात कोणाच्याच नव्हतं. वय पंचेचाळीसच्या पुढे, सुती साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलेलं घड्याळ, आणि राग आला की मालवणी.

कर्जाच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना होता. बाईंचा सगळा जीव त्या रकान्यात. एकाने 'वडिलांचे आजारपण' लिहून पैसे उचलले, तेव्हा बाई रविवारी दोन मोसंब्या घेऊन त्याच्या घाटकोपरच्या खोलीवर गेल्या. सोमवारी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर त्याला म्हणाल्या, "पेशंट बरा आहे. रंग पण चांगला आहे. वीस इंची ना?" त्या रंगीत टीव्हीवर त्याच्या बायकोने क्रोशाचं झाकण घातलं होतं, हेही त्यांनी सांगितलं. पैसे मात्र परत मागितले नाहीत. त्याला खोडून 'टीव्ही' लिहायला लावलं आणि खाली सही घेतली.

माझे बाबा गिरणी सुटल्यावर या कारखान्यात लागले होते. आम्ही बोरीवलीला दोन खोल्यांत राहायचो. मी नुकतीच बी.ए. झाले होते आणि घरात कोणी न ऐकलेल्या विषयाची पदवी घ्यायची, असं मनाशी पक्कं केलं होतं. विषयाचं नाव मास कम्युनिकेशन. अंधेरीतली एक खाजगी संस्था ती दोन वर्षांत द्यायची आणि त्याचे नऊ हजार घ्यायची. बाबांच्या हातात महिन्याला तेराशेच्या आसपास पडत. संस्थेचं माहितीपत्रक इतकं गुळगुळीत होतं की ते हातात धरलं तरी काहीतरी निसटतंय असं वाटायचं. मुखपृष्ठावर कानाला हेडफोन लावलेली एक मुलगी आकाशाकडे बघून हसत होती. तिच्यापुढे माइक नव्हता. पण हे मला नंतर दिसलं.

बाबांचे कारखान्यातले दोस्त राणेकाका यांनी तोडगा काढला. "परब, कारणात लग्न लिही. लग्नाला समिती एक प्रश्न विचारत नाही. डोळे मिटून दहा हजार. शिक्षणाचं म्हटलंस की इंजिनिअर काय, डॉक्टर काय, डी.एड. काय, शंभर भानगडी. आणि पोरीचं लग्न कधीतरी करायचंच आहे ना? मग खोटं कुठे झालं?" बाबांनी आयुष्यात बसचं तिकीट चुकवलं नव्हतं, पण या युक्तिवादापुढे तेही हरले. त्यांनी सुबक अक्षरात 'मुलीचे लग्न' लिहिलं आणि पुरावा म्हणून मला बरोबर घेतलं.

बाईंनी अर्ज वाचला आणि माझ्याकडे बघितलं. "अरे वा. जावई काय करतो? पगार किती?"

"ते... बघतोय अजून," बाबा म्हणाले.

"जावई मिळायच्या आधी मांडववाला ठरवलात?"

बाबांचे कान लाल झाले. ते मला बघवेना. "लग्न नाहीये. मला शिकायचंय," मी म्हणाले.

"मग तसं लिहायला हात दुखत होता? कसलं शिक्षण?"

मी सांगायला लागले. माहितीपत्रकातले सगळे शब्द वापरले. दहा मिनिटं बोलले असेन. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इतकं बोललीस पण तू पुढे करणार काय, ते काही कळलं नाही गो. हे ते लोक शिकवतात, की तुझं शिकून झालंय?"

मग त्यांनी अर्जाचे चार तुकडे केले. बाबांना म्हणाल्या, "परब, वर्षाने समिती विचारेल, लग्न झालं का. काय दाखवाल? खोटं कारण निघालं तर कर्ज एकरकमी परत, आणि तुम्हाला पुन्हा कधी कर्ज नाही. उद्या खरंच कोणी आजारी पडलं तर?" आणि माझ्याकडे वळून, "पदवी तुला दोन वर्षांनी मिळणार. हप्ता तुझ्या बापाच्या पगारातून पुढच्या सात तारखेपासून कापला जाणार. मधल्या दोन वर्षांचं काय, आणि नंतर तुला किती मिळणार? काढलंस काही?"

मी म्हटलं, या क्षेत्राला उज्ज्वल भवितव्य आहे.

"भवितव्याचा पगार किती?"

त्यांनी काम दिलं. ही पदवी घेतलेले पाच जण शोधायचे. शिकवणारे नाहीत, शिकलेले. प्रत्येकाच्या पुढ्यात जाऊन त्याचा पगार विचारायचा आणि वहीत लिहून आणायचा. मगच नवा अर्ज. प्रवेशाची मुदत संपायला अठरा दिवस होते.

"अनोळखी माणसाला पगार कसा विचारणार?"

"तोंडाने."

परतीच्या बसमध्ये मी बाईंना मनात बरंच काही म्हटलं. मी वाचणारी मुलगी होते. अडाणी अधिकार आणि तरुण प्रतिभा यांच्या झगड्याबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. बाबा खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, "बरं झालं फाडला. मला झोप आली नसती."

आधी संस्थेत गेले. संचालक जून महिन्यातल्या अंधेरीत गळ्याला रेशमी रुमाल बांधून बसले होते. माजी विद्यार्थ्यांचे पगार सांगाल का, विचारल्यावर त्यांनी डोळे मिटले. "आम्ही पगार देत नाही," ते म्हणाले, "आम्ही दृष्टी देतो." पत्ते देणं संस्थेच्या धोरणात बसत नव्हतं. पण माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर 'आमचे यशस्वी विद्यार्थी' म्हणून अकरा फोटो होते, खाली नावं आणि कुठे काम करतात तेही. दृष्टी मी तेवढ्यापुरती वापरली.

पहिली मुलगी अंधेरीच्या एका छोट्या जाहिरात कंपनीत होती. मी पाऊण तास तिच्याशी साहित्यावर बोलले आणि जिना उतरताना, पाठमोरी असताना, पगार विचारला. ती म्हणाली, आठशे. आणि एवढं बोलून तिला इतकं हलकं वाटलं की ती माझ्याबरोबर खाली आली आणि नाक्यापर्यंत तेच बोलत राहिली. दुसरा एका व्यापारी मासिकासाठी जाहिराती गोळा करायचा. पगार नव्हता, कमिशन होतं; एखाद्या महिन्यात बाराशे, एखाद्या महिन्यात नुसतं बसभाडं. तिसरा बसस्टॉपवर भेटला, त्याने जाड कागदाचं व्हिजिटिंग कार्ड दिलं आणि तीन हजार सांगितले. चौथी मुलुंडच्या एका औषध कंपनीत. तिला मी बसायच्या आधीच विचारलं. ती हसली आणि म्हणाली, सोळाशे. पाचवी घाटकोपरला वडिलांच्या साड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसली होती. "पगार? इथे तर मीच सगळ्यांना देते," ती म्हणाली. "कोर्स मस्त होता हां. खूप पिकनिक झाल्या."

बाईंनी माझी वही वाचली. तिसऱ्या नावावर बोट थांबलं.

"हा तीन हजारवाला तुला कुठे भेटला?"

"बसस्टॉपवर."

"चहा प्यायलात?"

"हो."

"पैसे कोणी दिले?"

"मी."

"मग सातशे लिही."

मी खोडून सातशे लिहिले. बी.ए.ला संख्याशास्त्राचा एक पेपर होता, त्याच्या जोरावर मी म्हटलं, पाचांची सरासरी काढू या. बाईंनी चष्मा काढला. "सरासरीचा पगार मिळणारा माणूस यातला कोणता ते दाखव. नाही ना? मग हप्ता कोणाकडून घेऊ? सगळ्यात खालचा धर. वर गेलीस तर पेढे दे."

दुकानवाली आणि कमिशनवाला त्यांनी बाद केले. उरलेल्यांतला खालचा आकडा सातशे. त्यातून पास, डबा नसेल त्या दिवशीचं खाणं, चपला, घरात द्यायचे. "तुमच्या त्या लाइनीत कपडे बरे लागत असतील, ते धर," हे त्यांनीच सुचवलं. नऊ हजारांचा हप्ता तीनशे येत होता. हातात दोनशेसुद्धा उरत नव्हते, आणि तेही दोन वर्षांनंतर.

"बसत नाही," त्या म्हणाल्या.

"तरी मला जायचंय," मी म्हटलं. आवाज चढला असावा, कारण खाली कँटीनमध्ये कोणीतरी वर बघितलं.

"जायचंय की नाही, ते मी विचारलंच नाही. बसत नाही तर बसवणार कसं, ते सांग. आणि ओरडू नको. इथे सगळेच अडलेले येतात, ओरडत कोणी नाही."

त्या संध्याकाळी आम्ही ते बसवलं. कर्ज एकदम नाही, दर वर्षी साडेचार हजार; म्हणजे पहिल्या वर्षी हप्ता दीडशेच. कॉलेज दुपारचं, तेव्हा सकाळी काम. मुलुंडच्या सोळाशेवालीने जाता जाता म्हटलं होतं की त्यांना औषधाच्या माहितीच्या चिठ्ठ्यांचं मराठी करून देणारं कोणी हवंय, पानावर पैसे. बाईंनी लगेच टाइम ऑफिसच्या फोनवरून तिला लावायला सांगितलं. पुढची दोन वर्षं मी रोज सकाळी 'दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर' आणि 'लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे' लिहीत होते. माझं त्या काळातलं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं साहित्य ते.

समितीसमोर अर्ज गेला तेव्हा बाईंनी मलाच बोलायला उभं केलं. पाच पुरुष, पाच चहा. कारणाच्या रकान्यात माझ्या अक्षरात खरं कारण. एकजण म्हणाला, "बोलायला शिकायची पदवी? आमची ही बिनपदवीची चोवीस तास कम्युनिकेशन करते." सगळे हसले.

बाई म्हणाल्या, "मग तिला पगार किती देता?"

मी वही उघडली आणि पाचही पगार वाचून दाखवले, खालचा सर्वांत आधी. एवढं खरं त्या खोलीत एका दमात कोणी बोललं नसेल. समितीने आपसात बघितलं आणि सही केली. राणेकाका जामीन राहिले. दुसरा जामीन मिळेना. या नावाच्या शिक्षणाला हात लावायला लोक घाबरत. तेव्हा बाईंनी खिडकीतून खाली हाक मारली, "काय रे, पेशंट कसा आहे?" टीव्हीवाला मुकाट्याने वर आला आणि सही करून गेला.

पदवी मिळाली. भाड्याचे झगे घालून आमचा समारंभ झाला आणि संचालकांनी आम्हाला भविष्याच्या हवाली केलं. दुसऱ्या वर्षी 'मुलाखत' या विषयावर एका पाहुण्याने तीन तास व्याख्यान दिलं. समोरच्याला आधी निर्धास्त करावं, मग विचारावं, असं तो म्हणाला. मी वहीत काही लिहिलं नाही. पहिली नोकरी मिळाली एका जाहिरात कंपनीत, साडेआठशेची. पेढे घेऊन गेले तेव्हा बाईंनी एक खाल्ला, दुसरा बाबांसाठी बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "कपड्यांचं धरलं होतं तेवढंच लागतंय ना?"

बाईंचं सगळंच बरोबर निघालं असं नाही. ज्याला त्यांनी सातशेवर आणला, त्याची वर्षा-दोन वर्षांत स्वतःची जाहिरात कंपनी झाली, गाडी झाली. मी मुद्दाम जाऊन हे सांगितलं. थोडा आनंदही झाला सांगताना. बाई म्हणाल्या, "चांगलं झालं त्याचं. पण तू भेटलीस तेव्हा त्याच्याकडे चहाचे पैसे नव्हते. आणि सात तारीख तेव्हा पण यायचीच."

एकोणनव्वदच्या सुरुवातीला कारखाना हलला. मालकाने यंत्रं गुजरातेत नेली आणि गेटला कुलूप लावलं. कारखानाच नाही तर पतपेढी कसली? ती बंद करायची ठरली. सगळ्यांची जमा परत द्यायची आणि सगळी कर्जं एकदम वळती करून घ्यायची. माझे पावणेतीन हजार बाकी होते. ते बाबांच्या शेवटच्या हिशेबातून कापले जाणार होते आणि त्या पैशांवरच घर चालायचं होतं. बाई एका रविवारी स्वतः बोरीवलीला आल्या. चहा घेतला, बाबांशी गावच्या गोष्टी केल्या आणि निघताना दारात मला म्हणाल्या, "पंधरा तारखेला मी बापाचे पैसे कापणार. त्याच्याआधी तुझ्याकडून आले तर नाही कापणार. माका वाईट वाटून उपयोग नाय."

माझ्याकडे सातशे साठ रुपये होते. दुसऱ्या दिवशी मी आमच्या मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि उचल मागितली. मालक म्हणाले, "आपण सगळे इथे एक कुटुंब आहोत." मी दार उघडलं आणि माझ्याच महिन्यात लागलेल्या, माझंच काम करणाऱ्या, ही पदवी नसलेल्या सहकाऱ्याला भर ऑफिसात विचारलं, "तुझा पगार किती?" तो इतका दचकला की त्याने खरा सांगितला. बाराशे. टाइपरायटर थांबले. मालकांनी आधी दार लावून घ्यायला सांगितलं, मग माझेही बाराशे केले आणि दोन महिन्यांची उचल दिली. ती आणि माझे सातशे साठ, त्यात सगळं बसलं. बाबांचा एक रुपया कापला गेला नाही.

बारा तारखेला मी पैसे नेऊन दिले. कँटीन बंद होतं, कपाट रिकामं होतं. बाईंनी नोटा मोजल्या, पावती केली, राणेकाका आणि टीव्हीवाल्याला बोलावून त्यांच्या जामिनावर माझ्यासमोर रेघ मारली. त्यांना स्वतःला किती मिळाले, हे मी विचारलं. "माझे कमी आले," त्या म्हणाल्या. "दोघांचे हप्ते वसूल झाले नाहीत. सेक्रेटरी मी होते." अगदी हजेरी सांगावी तसं सांगितलं. त्या कणकवलीजवळच्या गावी भावाकडे जाणार होत्या.

गेटबाहेर मी विचारलं, "बाई, मी नऊ हजार घालून हे शिकले, ते बरं केलं का?"

"आताच काय सांगू? पहिल्या पगारावर कोणाचं ठरत नाही. दहा वर्षं जाऊ देत. मग ये, तूच सांग." आणि साकीनाक्याच्या धुरात रस्ता ओलांडून गेल्या.

दहा वर्षं त्या थांबल्या नाहीत. सहाव्या वर्षी राणेकाका गावाहून आले, बाई गेल्याचं त्यांनी बाबांना सांगितलं आणि बाबांनी मला.

ठरलेल्या वर्षी मी तरीही हिशेबाला बसले. माझ्याबरोबर बी.ए. झालेली मावसबहीण परीक्षा देऊन बँकेत लागली होती. तिचे दहा वर्षांचे पगार मी तिला सरळ विचारले आणि माझे शेजारी मांडले. बँक बरीच पुढे होती. बाईंच्या पद्धतीने धरलं तर माझी पदवी महाग पडली. आणि पुन्हा घ्यायची झाली तर मी पुन्हा घेईन, पुन्हा चिठ्ठ्या लिहीन, पुन्हा हप्ते भरीन. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही मी बाईंना सांगितलं असतं.

त्यावर त्या काय म्हणाल्या असत्या, ते ठरवायचा मी प्रयत्न केला. लोकांच्या वतीने वाक्यं लिहिणं हाच माझा धंदा. साबणाच्या वतीने लिहिली आहेत, बँकांच्या वतीने लिहिली आहेत. बाईंच्या वतीने त्या दिवशी पाच-सहा लिहून बघितली. एकही त्यांचं वाटलं नाही.